दोन नगरें आणि दीड एकर

मिरज जंक्शनच्या फलाटावर उभें राहिलें म्हणजे दोन दिशांना दोन मोठीं नगरें आपली वाट पाहत बसलीं आहेत, असें आम्हांस लहानपणीं वाटत असे. दुपार कलली कीं राणी चन्नम्मा एक्स्प्रेस बेळगांवच्या वाटेनें बंगळूरला निघे. रात्रीं कोल्हापुराहून येणारी महालक्ष्मी एक्स्प्रेस मुंबईचे उतारू घेऊन पुण्याच्या बाजूला अंधारांत दिसेनाशी होई. एके काळीं या स्थानकांत रुंद, मीटर आणि अरुंद अशा तिन्ही मापांचे रूळ एकत्र येत. पंढरपुराकडून येणारी अरुंद मापाची चिमुकली गाडी तर आम्हीं स्वतः पाहिलेली आहे. आम्ही नोकरीच्या वयाचे झालों तोंवर सर्वत्र एकच माप झालें होतें. कोणत्या गाडींत बसावयाचें, एवढेंच काय तें ठरवावयाचें उरलें होतें.

गेल्या स्नेहसंमेलनाच्या दिवशीं शाळेच्या पटांगणांत दहावींतील एका विद्यार्थ्यानें आम्हांस गांठलें. "अभियांत्रिकी झाल्यावर चांगल्या पगाराची नोकरी दोन्हीं ठिकाणीं मिळत असेल, तर मुंबई बरी कीं बंगळूर?" असा त्याचा प्रश्न. त्याच्या मागें त्याचे वडील उभे होते. प्रश्न मुलाचा, पण कान वडिलांचे. त्या गडबडींत आम्हीं कांहींतरी गुळमुळीत उत्तर दिलें, आणि घरीं येतां येतां आमची आम्हांसच लाज वाटली. कारण २०१६ सालीं हाच प्रश्न आमच्या पुढ्यांत येऊन पडला होता, व त्यापायीं आमच्या घरीं तीन आठवडे कोणी धड जेवलें नव्हतें. तो प्रश्न आम्हीं कसा सोडविला आणि कोठें चुकलों, तें येथें लिहितों. त्या विद्यार्थ्यानें व त्याच्या वडिलांनीं हेंच आमचें उत्तर समजावें.

त्या वर्षीं मे महिन्यांत आम्हांस दोन नेमणूकपत्रें आलीं. एक मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलांतील एका वित्तसंस्थेच्या संगणक विभागाचें; हातांत पडणारा पगार दरमहा ४४,००० रुपये. दुसरें बंगळूरच्या व्हाइटफील्ड भागांतील एका कंपनीचें. तेथें ५८,००० रुपये. आमच्या घराण्यांत तोंपर्यंत एवढी रक्कम एका महिन्यांत कोणीं एकत्र पाहिलेली नव्हती. शेजारीपाजारी पेढे मागूं लागले. परंतु या दोन आंकड्यांच्या जोडीला घरांत एक तिसरा आंकडा होता, व तो शेजाऱ्यांना ठाऊक नव्हता. तो आंकडा साडेआठ लाखांचा.

कृष्णेच्या कांठीं आमची दीड एकर जमीन आहे. काळी, कसदार आणि हळदीला उत्तम. सांगलीची हळदीची पेठ हांकेच्या अंतरावर. आमचें शिक्षण, थोरल्या बहिणीचें लग्न आणि पाणी न लागलेली एक कूपनलिका, या तिहींनीं मिळून त्या जमिनीवर बँकेचा बोजा चढविला होता. हळदीला बेणें, खत आणि मजुरी असा पुष्कळ पैसा आधीं मातींत घालावा लागतो, आणि पीक हातीं यावयास आठ-नऊ महिने लागतात. नवें कर्ज मिळेना, म्हणून आमच्या वडिलांनीं, म्हणजे अण्णांनीं, तीन वर्षें हळद लावलीच नव्हती. सोयाबीन काढून ते व्याजापुरतें कसेंबसें भागवीत. सातबाराचा उतारा ते कपाटांत न ठेवतां भिंतीवरच्या घड्याळाच्या मागें खोंचून ठेवीत. कां, तें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. किती वाजले हें पाहावयाला मान वर केली कीं त्या कागदाचें टोंक दिसे.

घरांत जितकीं माणसें तितकीं मतें. आईचा कौल मुंबईला. तिचे भाऊ, आमचे मामा, डोंबिवलीला राहतात. "घरचें जेवण मिळेल, आणि रात्रीं गाडींत बसलास कीं पहाटे दारांत," हा तिचा मुद्दा. कोणास वाटेल कीं तिला कानडी मुलखाची धास्ती असावी. तसें मुळींच नव्हतें. मिरजेच्या बाजारांत कानडी रोज कानांवर पडते, आणि आईचें आजोळ तर अथणीकडचें. रागावली म्हणजे ती आम्हांस कानडींतच बोलते. तिचा हिशेब केवळ तासांचा होता. मुंबईची गाडी पहाटे पोंचते, बंगळूरच्या गाडीला त्याहून अधिक तास लागतात.

मामांनीं दूरध्वनीवरून मुंबईची थोरवी गायिली. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, तेव्हांपासून या शहरानें येईल त्याला पोटाशीं धरलें आहे, असें त्यांचें म्हणणें. आम्ही मनांतून बंगळूरच्या बाजूचे होतों, आणि एकदां बाजू ठरली म्हणजे माणसाला पुरावे भराभर सांपडतात. शहाजीराजांना १६३८ सालीं बंगळूरची जहागीर मिळाली होती. सांगलीच्या ज्या महाविद्यालयांत आम्ही शिकलों त्याला ज्यांचें नांव आहे, त्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४० सालीं विमानांचा कारखाना बंगळुरांतच काढला. इन्फोसिस कंपनी १९८१ सालीं स्थापन झाली पुण्यांत, आणि १९८३ सालीं उठून गेली बंगळूरला. ही सारी माहिती आम्हीं एका रात्रीं जेवतांना मोठ्या आवेशानें सादर केली. अण्णांनीं शांतपणें ताक ओरपलें आणि म्हणाले, "शहाजीराजांना जहागीर होती. तुला भाडें भरायचें आहे."

त्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें, म्हणून आम्ही आमच्या गणिताच्या सरांकडे गेलों. ते तेव्हां सेवानिवृत्त होऊन शाळेमागच्याच गल्लींत राहत. आम्हीं एका वहींत दोन रकाने आंखले होते: पगार, भाडें, जेवण, प्रवास, कपडालत्ता, शिल्लक. सरांनीं चष्मा लावून प्रथम बेरजा तपासल्या (ती त्यांची जन्माची सवय), मग वही मिटली. "बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तूं जाऊन पाहिलेंस का? सोमवारीं सकाळीं, कामावर निघालेल्या माणसासारखा? मुंबई मोठी, बंगळूर मोठें. पण तुझ्या वांट्याला त्यांतला एकच रस्ता येणार आहे. घरापासून कचेरीपर्यंतचा." पत्रांना उत्तर देण्यास दोन आठवडे अवकाश होता. आम्हीं दोन सोमवार काढले.

पहिला सोमवार डोंबिवलीचा. सकाळीं साडेसातला आम्ही मामांबरोबर निघालों. फलाटावरील गर्दीचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे, म्हणून तें सोडतों. आम्हांस नवल वाटलें तें तिच्यांतील शिस्तीचें. मुंबईच्या लोकलगाडीचें एक शास्त्र आहे. कोणती गाडी जलद, कोणती धिमी. डब्याचें दार नेमकें कोणत्या खांबासमोर येणार. कुर्ल्याला उतरावयाचें तर दाराकडे कोठून सरकावें. हें सारें मामा सव्वीस वर्षांच्या अभ्यासानें जाणत होते. पहिली गाडी आम्हांस न घेतांच गेली. दुसरींत आम्ही चढलों असें म्हणणें खोटें होईल. आम्ही चढविले गेलों. कोणा अनोळखी गृहस्थानें न बोलतां आमची पिशवी घेऊन वरच्या फळीवर ठेवली आणि कुर्ला येतांच ती हातांत दिली. डब्याच्या दुसऱ्या टोंकाला भजन चाललें होतें. टाळ वाजविण्यापुरती जागा त्या मंडळींनीं कशी मिळविली होती, देव जाणे. कुर्ल्याला उतरून, रिक्षाच्या रांगेंत उभे राहून संकुलापाशीं पोंचलों तेव्हां नऊ वाजून वीस मिनिटें झालीं होतीं. संध्याकाळीं परत तोच क्रम.

त्या रात्रीं आम्हीं वहींत नवा रकाना आंखला. जातां-येतां साडेतीन तास. वर्षाचे कामाचे दिवस २८० धरले तर ९८० तास, म्हणजे रात्र धरून जवळजवळ एकेचाळीस दिवस. हा आंकडा मामांना दाखविण्याचा आम्हांस धीर झाला नाहीं. मामांचें घर दोन खोल्यांचें, माणसें पांच. भांडीं आवरून झाल्यावर स्वयंपाकघरांत आमचें अंथरूण पडलें. मामींनीं आम्हांस दिलेली उशी त्यांची स्वतःची होती, हें दुसऱ्या दिवशीं धाकट्या मामेबहिणीच्या बोलण्यांतून कळलें. अशा घरांत चार दिवस राहतां येतें. चार वर्षें राहणें आमच्या मनाला पटेना. आणि कचेरीजवळ स्वतंत्र खोली घ्यावी म्हटलें, तर ४४,००० रुपयांतले किती उरणार, हें तेथील भाडीं ऐकून लगेच समजलें.

दुसरा सोमवार बंगळूरचा. आमचा एक महाविद्यालयीन मित्र मारतहळ्ळीला राहत असे, त्याच्याकडे उतरलों. हवा मोठी सुखाची. शहर समुद्रसपाटीपासून नऊशें मीटरांहून अधिक उंच आहे, आणि जूनमध्यें मिरजेहून गेलेल्या माणसाला तें पहिल्या श्वासांत जाणवतें. पण ती प्रसन्नता बसमध्यें बसेपर्यंतच टिकली. मुंबईंत गर्दी धांवते. येथें गर्दी उभी राहते. मारतहळ्ळीहून व्हाइटफील्ड कांहीं फार दूर नव्हे, तरी बसमधून उतरून पायीं निघालेली माणसें आमच्या पुढें गेलेलीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिलीं. मेट्रो होती, परंतु ती तेव्हां म्हैसूर रस्त्यापासून बैयप्पनहळ्ळीपर्यंतच जाई. व्हाइटफील्डपर्यंत ती २०२३ सालीं पोंचली. मुंबईंतही वांद्रे-कुर्ला संकुलाखालून भुयारी मेट्रो २०२४ सालीं सुरू झाली. म्हणून आमचे ते दोन सोमवार आजच्या विद्यार्थ्यानें जसेच्या तसे उचलूं नयेत. आपला सोमवार आपण पाहावा.

दुपारीं मात्र एक गोष्ट घडली. व्हाइटफील्ड ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अँग्लो-इंडियन कुटुंबांसाठीं वसविलेली वसाहत. कचेऱ्यांच्या कांचेच्या इमारतींमागें तिच्या जुन्या गल्ल्या अजून शिल्लक होत्या. तेथें एका घराच्या गच्चीवर एक खोली, न्हाणीघर आणि ओट्यापुरतें स्वयंपाकघर आम्हांस १२,००० रुपयांत मिळत होतें, आणि तेथून कंपनीचें फाटक पायीं वीस मिनिटें. मुंबईंत कचेरीजवळ राहणें आमच्या पगाराबाहेरचें होतें; बंगळुरांत तें पगाराच्या आंत होतें. शहाजीराजे, आगगाडी, हवा, भाषा सारें बाजूला राहिलें, आणि प्रश्न या वीस मिनिटांवर सुटला.

घरीं येऊन हिशेब पुन्हां मांडला. मुंबईंत महिन्याला वीस हजार कर्जाकडे वळवितां आले असते, बंगळुरांत तीस हजार. व्याज धरून पहिल्या रीतीनें साडेचार वर्षें लागत होतीं, दुसऱ्या रीतीनें तीन वर्षांच्या आंत. अण्णा तेव्हां एकोणसाठ वर्षांचे होते. वहींत आम्हीं सर्व कांहीं लिहिलें होतें, पण अण्णांचें वय लिहिलें नव्हतें; तें सरांनीं पेन्सिलीनें समासांत लिहून दिलें. बासष्टाव्या वर्षीं माणूस हळदीची लागण स्वतः उभा राहून करवून घेतो. चौसष्टीला टेकलेल्या माणसाचा काय नेम? आईनें वाद घातला नाहीं. तिनें फक्त वाटेसाठीं डबा बांधून दिला. प्रवास एका रात्रीचा होता, डबा दोन दिवसांचा.

आमच्या चुकाही सांगावयास हव्यात. बंगळुरांत त्या वेळीं घरमालक दहा महिन्यांचें भाडें अनामत म्हणून आगाऊ मागत. आम्हीं भाडें विचारलें होतें, अनामत विचारली नव्हती. पहिल्याच आठवड्यांत १,२०,००० रुपये कोठून आणावे, या विचारानें तोंडचें पाणी पळालें. मारतहळ्ळीच्या मित्रानें तें संकट निवारलें, आणि पहिले चार महिने आमचा पगार बँकेकडे न जातां त्याच्याकडे गेला. त्या चार महिन्यांत व्याज चढत होतें, आणि अण्णांना आम्ही "जम बसतो आहे" असें सांगत होतों. तें खोटें नव्हतें. पण खरेंही नव्हतें. पालकांनीं मुलाला विचारावयाचा प्रश्न पगाराचा नसून अनामतीचा असावा, असें आमचें मत झालें आहे.

दुसरी चूक पाण्याची. मुंबईला विहार, तुळशी, तानसा, भातसा अशा सात तलावांचें पाणी येतें. बंगळूरला कावेरीचें पाणी सुमारें शंभर किलोमीटरांवरून, आणि तेंही सुमारें पांचशें मीटर वर चढवून आणावें लागतें. आमच्या गल्लींत तें पोंचलेंच नव्हतें; कूपनलिका आटली कीं टँकर. कृष्णाकांठच्या माणसाला पाण्याचे पैसे मोजतांना हात आंखडतो. घरमालकीणबाई मात्र फार मायाळू होत्या. रोज संध्याकाळीं जिन्यांत भेटल्या कीं "ऊटा आय्ता?" म्हणजे जेवण झालें का, असें विचारीत. त्यांचा प्रश्न ऐकला कीं आईचा राग आठवे, आणि एकटेपणा अर्धा होई.

पुढें पगार वाढला. जून २०१९ मध्यें शेवटचा हप्ता गेला आणि सातबारावरील बोजा उतरला. अण्णांनीं त्याची वाटही पाहिली नाहीं. आम्हीं पाठविलेल्या पैशांवर त्यांनीं मे महिन्यांतच दीड एकरांत हळद लावून टाकली होती. नवा कोरा उतारा त्यांनीं कपाटांत ठेवला. घड्याळामागची जागा रिकामी झाली.

जुलैच्या अखेरीस महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ उल्हास नदीच्या पुरांत अडकली आणि हजाराहून अधिक उतारूंना पाण्यांतून सोडवावें लागलें. त्या बातमीनें आई पहिल्यांदा आमच्या निवडीवर खूष झाली. तिची खुषी दोन आठवडे टिकली. ऑगस्टमध्यें कृष्णेला महापूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशीं पाणी सत्तावन्न फुटांच्या वर चढलें. नदीकांठचीं घरें रिकामीं झालीं. अण्णा आणि आई एका पेटीनिशीं बाहेर पडले, आणि त्यांना आसरा मिळाला तो आमच्या या शाळेंत. नऊ रात्री तीं दोघें आठवीच्या वर्गांत राहिलीं. त्याच वर्गांत, खिडकीजवळच्या बाकावर, आम्हीं एक वर्ष काढलें होतें. भ्रमणध्वनीवर आई एवढेंच म्हणे, "सुखरूप आहों. फळ्यावर तुमच्या वेळचाच भेगेचा डाग आहे का रे, डाव्या कोपऱ्यांत?"

आम्ही बंगळुरांत अडकून पडलों होतों. पुणें-बंगळूर महामार्ग कोल्हापुराजवळ पाण्याखालीं गेला होता आणि रेल्वेचा भरंवसा नव्हता. मुंबईहूनही वाट नव्हती; कर्जत-लोणावळ्याच्या घाटांत दरडी कोसळून गाड्या बंद होत्या, व मामा डोंबिवलींत हात चोळीत बसले होते. म्हणजे आम्ही मुंबईला असतों तरी येऊं शकलों नसतों. या विचाराचें आम्हांस मोठें समाधान वाटलें. पुढें घरीं गेल्यावर तें आम्हीं आईला बोलून दाखविलें. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करतां म्हणाली, "आला नसतास, हें खरें. पण मीं वाट तरी पाहिली असती."

वाट मोकळी होतांच आम्ही मिरजेस पोंचलों, आणि दुसऱ्या दिवशीं अण्णांबरोबर शेतावर गेलों. पाणी ओसरलें होतें. पानें करड्या गाळाखालीं आडवीं झालीं होतीं, आणि सगळीकडे कुजका वास सुटला होता. अण्णांनीं एक गड्डा उपटला, अंगठ्यानें दाबून पाहिला, आणि बांधाबाहेर फेंकला. मग दुसरा, मग तिसरा. साडेआठ लाखांतला एक रुपयाही या शेतावर आतां नव्हता. मुंबईच्या रीतीनें गेलों असतों तर अजून दीड-पावणेदोन वर्षांचे हप्ते राहिले असते, असा हिशेब आमच्या मनांत आपोआप झाला. तो आम्हीं मोठ्यानें सांगितला नाहीं. अण्णांनीं हात धोतराला पुसले आणि नदीकडे पाहत विचारलें, "तुमच्या त्या बाजूला हळद होते म्हणतात. बेणें काय भावानें मिळतें, विचारून ठेवशील का? येत्या अक्षय्य तृतीयेपर्यंत लागेल."

आम्हीं खिशांतून वही काढली आणि लिहून घेतलें.